ताटाचा पत्ता

मुंबईला स्वतःचे शेत नाही. समुद्र आहे, म्हणून मासळीपुरते हे शहर थोडेफार आपल्या पायांवर उभे आहे; ससून डॉक, भाऊचा धक्का आणि कोळणींच्या पाट्या यांनी ती बाजू सांभाळली आहे. वसईची केळी जवळची म्हणायची. लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला पालकाचे वाफे दिसत आले आहेत, तेही हिशेबात धरू. पण हे सारे तोंडी लावण्यापुरते. बाकीचा संसार उसनवारीचा. कोथिंबीर नाशकाकडची, टोमॅटो नारायणगावचे, कांदा लासलगावचा, गहू उत्तरेकडचा, तूरडाळ लातूरकडची. घरात चूल आपली, पण चुलीवर चढणारे सगळे दुसऱ्याच्या अंगणातले!

आणि गंमत अशी की, याचे कुणाला काहीच वाटत नाही. पावसाने गाड्या बंद पडल्या तर आपण आकाशाकडे पाहतो, नळ कोरडा राहिला तर तलावांची पातळी वर्तमानपत्रात शोधतो; पण भाजी कुठून आली हा प्रश्न, ती येते आहे तोवर, आपल्याला पडत नाही. २०२० च्या मे महिन्यात साथीमुळे वाशीचा बाजार काही दिवस बंद राहिला, तेव्हा कुठे आमच्या इमारतीतल्या मंडळींना कळले की असा एक बाजार आहे आणि आपण सगळे त्याच्या ओंजळीने जेवतो.

मी शाळामास्तर. मुलांना काहीतरी लिहायला लावणे हा आमचा धंदाच आहे. गेल्या वर्षी पाचवीच्या वर्गाला मी निबंधाला विषय दिला, ‘माझ्या ताटाचा पत्ता’. काल रात्री जे जेवलात ते कुठून आले, ते घरी विचारून लिहा, असे सांगितले. बहुतेकांचा शोध कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाशी संपला. चौघा-पाचजणांनी ‘मोबाइलवरून’ असे लिहिले. त्यांच्याकडे दहा मिनिटांत भाजी घरपोच येते. एकाने ‘फ्रिजमधून’ एवढाच एक शब्द लिहिला. त्याला मी निम्मे गुण दिले, कारण निदान तो खोटे बोलला नव्हता.

एका मुलीने मात्र दीड पान भरले होते. तिची आई स्टेशनबाहेर पालेभाजी विकते. आई रात्री दोन वाजता उठते, सातजणी मिळून एक टेम्पो ठरवतात, वाशीला जातात, माल घेतात, उजाडायच्या आत परत येतात, मग ही मुलगी जुड्या बांधायला बसते आणि तिथून शाळेत येते. शेवटी तिने लिहिले होते, “जी भाजी विकत नाही ती आम्ही खातो. काल मेथी होती. परवा पण मेथी होती.”

शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या दाखवायला पेन उचलले आणि तसेच ठेवून दिले.

एका कादंबरीसाठी मी पूर्वी दोन-तीन रात्री त्या बाजारात काढल्या होत्या. जग झोपलेले असते तेव्हा तिथे दुपार असते. पुणे, नाशिक, सातारा, गुजरात, कर्नाटक, अशा चहूकडच्या गाड्या लागलेल्या. डोक्यावर पोती घेऊन धावणारे माथाडी. त्यांच्या अंगाच्या घामाला कोबीचा वास येतो. या हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला मजुरीच्या हमीचा, भविष्यनिर्वाह निधीचा आधार मिळाला. बाजाराच्या इतिहासातली ही एक चांगली गोष्ट; चांगल्या गोष्टी सांगायला विसरू नये.

शेतातून निघालेली जुडी ताटात पडेपर्यंत तिला किती हात लागतात! गाडीभाडे, हमाली, तोलाई, आडत, मग किरकोळ विक्रेता. प्रत्येकजण थोडे काढून घेतो, आणि खरे सांगायचे तर त्यातले पुष्कळजण राबूनच घेतात. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, शेतकऱ्याला बाजार समितीबाहेर विकायचीही मोकळीक मिळाली. तरीही टोमॅटोचा भाव कोसळला की रस्त्यावर टोमॅटो ओतून रिकाम्या क्रेट घेऊन घरी परतणारा माणूस आपल्याला दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात दिसतोच. त्याच दिवशी आपल्या दारावर टोमॅटो फुकट मिळतात असेही नाही. मधल्या वाटेवर स्वस्ताई कुठे मुरते कोण जाणे!

वाशीच्या आधी हा मान क्रॉफर्ड मार्केटचा होता. १८६९ मध्ये ही इमारत उभी राहिली. घाऊक फळबाजार १९९६ मध्ये तिथून वाशीला गेला. तिच्या प्रवेशद्वारांवर दगडात कोरलेली शिल्पे आहेत, लॉकवुड किपलिंगने केलेली. त्यात शेतात राबणारे शेतकरी आहेत. खालून जाणाऱ्या गिऱ्हाइकाची मान आंब्याच्या पेटीकडे वळलेली असते, वर कोण पाहतो? पुढे या मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरे करणाऱ्या माणसाचे नाव मंडईला असावे, हे मला फार उचित वाटते. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वाटेत कुठे कुठे जिरतो, हा तर त्यांचा जन्मभराचा प्रश्न होता.

पण शहराचे पोट नुसत्या बाजाराने भरत नाही. बाजारात मिळते ते कच्चे. ते शिजवणारे हात लागतात. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दहा-वीस राहत, बायकामुले गावी. त्यांना खानावळवाल्या बायांनी जेवू घातले. संप झाला की हातात पगार नसे, पण पोटाला संप ठाऊक नसतो. अशा वेळी याच बाया उधारीवर ताटे वाढीत. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला, भोंगे थांबले, आणि भोंग्यांबरोबर कित्येक चुलीही विझल्या. गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. तिथल्या नोकरदारांनाही भूक लागते, एवढेच काय ते साम्य उरले.

डबेवाल्यांची कथा जगाला ठाऊक आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामाचे परदेशी पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केले. पण २०२० मध्ये कचेऱ्या बंद झाल्या तेव्हा मावळ-मुळशीची ही माणसे मुकाट्याने आपापल्या गावी भात लावायला गेली, आणि त्यांतली सगळी परत आली नाहीत. कौतुकावर कुणाचे पोट भरत नाही, हे त्यांना आपल्याआधी कळले.

माझी आजी तेरा वर्षांची असताना, १९४३ मध्ये, मुंबईत रेशन सुरू झाले. लढाईचे दिवस होते. मोजून धान्य, त्यातही खडे. पुढे तिने मिलोच्या तांबड्या भाकरीही भाजल्या. ‘मिलो’ हा शब्द ती मरेपर्यंत शिवीसारखा उच्चारत असे. तिला अर्थशास्त्र येत नव्हते, पण एखाद्या घरचे खरे काय ते जाणून घ्यायची तिची एक रीत होती. लग्न जुळवायला कुठे गेलो की ती दिवाणखान्यात बसत नसे, पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाई. म्हणायची, “पहिल्या पंक्तीला काय वाढतात ते पाहू नये रे. ते कुणीही कर्ज काढून वाढील. शेवटी जी बाई जेवायला बसते, तिच्या पानात काय पडतं ते पाहावं.”

शहराच्या अन्नाचा हिशेब मांडायचा झाला तर मला आजीची ही फूटपट्टी पुरेशी वाटते. विद्वान मंडळी किती टन आवक झाली, किती गाड्या आल्या, किती नासले हे मोजतील. ते मोजलेच पाहिजे. हॉटेले किती आणि त्यांत किती देशांचे पदार्थ मिळतात हेही कुणी मोजील. ती सारी पहिली पंगत. शेवटच्या पंगतीला बसतात ते शेतकरी, माथाडी, खानावळवाली, आणि न विकली गेलेली मेथी रोज खाणारी ती मुलगी. जे वाढतात तेच शेवटी जेवतात, घरात काय आणि शहरात काय!

त्या मुलीच्या आईची जागाही पक्की नाही. गाडी येते, पाटी उचलून नेते. सोडवायला दंड, आणि तोवर पालेभाजी मातीमोल. पथविक्रेत्यांची मोजणी करून त्यांना बसायला जागा आणि परवाना द्यावा असा कायदा २०१४ मध्येच झाला आहे. ती मला म्हणाली, “सर, कायदा असेल हो, पण मेथी संध्याकाळपर्यंत थांबत नाही.”

शाळेत आम्ही दुपारी खिचडी वाढतो. पाचवीपर्यंत एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. वाढायला मी उभा राहतो, म्हणून एक गोष्ट ध्यानात आली आहे. शुक्रवारी पातेल्यात खिचडी उरते. सोमवारी उरत नाही. मुले दुसऱ्यांदा रांगेत येतात, काहीजण तिसऱ्यांदा, आणि पातेले खरवडल्याचा आवाज माझ्या वर्गापर्यंत ऐकू येतो. मधे रविवार गेलेला असतो. त्या दिवशी घरी काय झाले हे मी कुणाला विचारीत नाही.

ज्या सोमवारी आमच्या पातेल्याच्या तळाशी दोन पळ्या खिचडी उरेल, त्या सोमवारी मी समजेन, मुंबईचे बरे चालले आहे.