खंडव्याचे कका

आईचं वर्षश्राद्ध आटोपल्यावर बाबा परतवाड्याहून आमच्याकडे नव्या रायपुरात राहायला आले. उभा जन्म मेळघाटात काढलेला वनपाल माणूस. इथे रुंद रिकामे रस्ते, आखीव सेक्टर आणि संध्याकाळी सहानंतर शुकशुकाट. जुन्या रायपुरात भोसल्यांच्या काळापासूनची मराठी घरं आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे नेऊन पाहिलं, पण त्यांचं मन रमेना. घरात त्यांना दिवसभरात दोनच प्रश्न विचारले जात : जेवलात का आणि गोळी घेतली का.

जंगल सफारीला नेलं ते निव्वळ वेळ जावा म्हणून. खंडवा गावाजवळची ही नंदनवन जंगल सफारी ३२० हेक्टरांवर पसरली आहे. १ नोव्हेंबर २०१६ला, छत्तीसगढच्या स्थापनादिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. जाळीच्या बसमधून हरणं, अस्वलं, वाघ आणि सिंह अशी चार वेगवेगळी आवारं दाखवतात. वाघ दिसला तशी बसमधली पोरं किंचाळली. बाबांनी एकदा पाहिलं आणि मान वळवली. मेळघाटात ज्याने पायी माग काढलेत, त्याला सावलीत पहुडलेल्या वाघाचं काय कौतुक! ते झाडं बघत होते.

उतरल्यावर एका वाळत चाललेल्या रोपाशी ते वाकले. पाणी घालणारे कका, रोजंदारीवरचे माळी, हातातली नळी टाकून जवळ आले. "ए पौधा काबर सुखावत हे, साहेब?"

त्यानंतरचा अर्धा तास मी नुसता उभा होतो. बाबा वऱ्हाडीत, कका छत्तीसगढीत. कुणाचं काही अडलं नाही. इथली माळाची जमीन म्हणजे भाटा : तांबडी, मुरमाड, पाणी न धरणारी. खड्डे वैशाखातच खोदून तापू द्यायचे, तळ्याचा गाळ नि शेणखत घालायचं, लावताना माती टाचेने दाबायची, मुळाशी पोकळी राहिली की रोप गेलंच. बाबा बोटाने मातीत खळी करून दाखवत होते. रोप कुसुमाचं, म्हणजे आपल्या कोशिंबाचं होतं. पुढे त्यावर लाख धरते, हे सांगताना त्यांचा आवाज मला कित्येक महिन्यांनी खणखणीत वाटला.

मग ते जातच राहिले. बाबांची भाकरी आणि ठेचा, ककांची बासी (रात्रभर पाण्यात ठेवलेला भात) आणि कांदा, अशी देवघेव सुरू झाली. चैत्रात कका त्यांना पहाटे आपल्या बांधावरच्या मोहाखाली घेऊन गेले. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि उजाडायच्या आत टपटप गळतात. फिकट पिवळी, गुबगुबीत, रसाने भरलेली. वेचणाऱ्याची बोटं चिकट होतात आणि वास दिवसभर जात नाही. बाबा तसाच वास घेऊन घरी आले आणि आंघोळीची घाई त्यांनी मुळीच केली नाही.

मला एक शंका छळत होती. जन्मभर भाट्यात राबलेल्या माणसाला रोप का वाळतं हे ठाऊक नसेल? एकदा विचारलंच. कका हसले. "मोर ददा घलो अइसनेच गोठियावय." त्यांचे वडीलही अगदी असेच बोलायचे म्हणे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही आणि मीही पुन्हा मागितलं नाही.

थोडी तरी फेड व्हावी म्हणून दिवाळीत फराळाचा डबा दिला. रिकामा डबा परत करायचा नाही हे त्यांच्याकडेही पाळतात. तो चारोळीने गच्च भरून आला. बाजारातला चारोळीचा भाव पाहता हा व्यवहार माझ्याच अंगावर आला.

आता बाबा परतवाड्याला, धाकट्या भावाकडे असतात. रविवारी फोन येतो; माझी चौकशी दोन वाक्यांत संपते आणि "कुसुम कसं आहे?" सुरू होतं. शेवटी मी सफारीला जाऊन ककांच्या कानाशी फोन धरतो. परवा बाबा म्हणाले, जेठात तिसऱ्या दिवशी पाणी द्या. कका म्हणाले, आठवड्याने एकदाच, पण भरपूर, म्हणजे मुळं खोल जातात. इतक्या दिवसांत त्यांनी बाबांना पहिल्यांदा खोडून काढलं होतं. बाबा चिडले. कका त्यांच्यावर चढले. मी फोन धरून उन्हात उभा, आणि दोघांतला एकही माघार घ्यायला तयार नव्हता.