वहीत लिहिलेला दिवस

सासूबाई गेल्या त्या पावसाळ्यात माझी झोप उडाली. पहाटेच जाग यायची आणि छातीत धडधडायचं. मुलगा शिरवळच्या कंपनीत, रात्रपाळी करून हायवेने मोटारसायकलवर आमच्या कामथडीला येतो. त्याला जरा उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढे अपघातच उभा. दिवसा अंथरूण सुटेना. भातलावणीलाही गेले नाही. ईसीजी चांगला आला. कुणी अंगारा आणून दिला, जाऊबाई म्हणाल्या, "मन रमव कशात तरी."

भाचीने पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळी दिली आणि समुपदेशक ताईंकडे पाठवलं.

ताईंनी आधी वही घ्यायला लावली. कालचा दिवस तासातासाने लिहायचा आणि प्रत्येक कामापुढे, मनाला किती बरं वाटलं त्याचे दहापैकी गुण. दुपारभर पडून होते, एक. डेअरीत दूध घालून आले, तीन. "तीन कशाने?" वाटेत बायका भेटतात, बोलणं होतं. मग ठरलं, इच्छा असो नसो, सकाळचं दूध मीच घालायचं. इच्छेची वाट बघत बसलं तर ती येत नाही, काम सुरू केलं की मागून येते, असं त्या म्हणाल्या. तसंच झालं, पण हळूहळू. मधले काही आठवडे फार वाईट गेले.

भीतीसाठी वेगळं पान. "उशीर म्हणजे अपघातच, कशावरून? दुसरी कारणं लिहा." ओव्हरटाइम, पंक्चर, वाटेत किकवीला चहा. लिहिताना धडधड थांबत नसे, पण पुढचा विचार सुचायला जागा व्हायची. घरच्यांशी हे जमलं नसतं. ती माणसं जिवाची, माझं ऐकून तीच घाबरायची.

असाच उपचार गोव्यात 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर तपासला. २०१७च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापला आहे. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली तिथलीच माणसं होती. बैठका सहा ते आठ. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, हा उपचार न मिळालेल्यांत ३९ टक्के.

मग आमच्याकडे का नाही? पुण्याला जायचं तर दिवस मोडतो, रोज बुडतो. सरकारचा १४४१६ हा फुकट फोन आहे, मराठीत बोलता येतं, तो नंबर मी बायकांना देते. पण समोर बसून वही बघणारी ताई आरोग्य केंद्रात हवी, असा अर्ज आमच्या बचत गटाने लिहायला घेतला आहे.