घरात शाळा भरते, पण नाव पटावरच हवे

हल्ली पुण्या-मुंबईकडच्या शिकल्या-सवरल्या घरांत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचे वारे आहे. त्याला ते होमस्कूलिंग म्हणतात. मुलावर गृहपाठाचे ओझे नाही, परीक्षेची धास्ती नाही, मूल आपल्या कलाने शिकते, असे त्याचे गुणगान केले जाते. असे दोन-तीन मित्र आम्हालाही आहेत. ते फोनवर सांगतात, "तुम्ही दोघेही डी.एड. झालेले, घरी शेत, मोकळी हवा. कशाला पाठवता लेकरांना त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत? तुमच्यासारख्यांनी तर घरीच शिकवले पाहिजे." त्यांचा हेतू वाईट नाही. पण हाच सल्ला आता चळवळीतले काही साथीही वेगळ्या कारणाने देऊ लागले आहेत, म्हणून सविस्तर लिहावे असे आम्ही दोघा नवरा-बायकोने ठरवले.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात एका गावच्या बौद्ध वस्तीत राहतो. दोन एकर शेत आहे. सोयाबीन, तूर आणि थोडी हळद. डी.एड. करून बाहेर पडलो तेव्हा वाटले होते, वर्षा-दोन वर्षांत ऑर्डर येईल. पण २०१० नंतर शिक्षकभरती अशी रखडली की आमच्या बरोबरीची अर्धी मुले वयात बसेनाशी झाली. २०१३ मध्ये टीईटी आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, पाठोपाठ पवित्र पोर्टल आले. फॉर्म भरले, फी भरली, यादीची वाट पाहिली. आज आमच्यातला एक जण कृषी सेवा केंद्रात कामाला आहे आणि दुसरी घरी शिवणकाम करते. शिक्षक व्हायला शिकलो आणि शिकवायला मिळाली ती घरचीच दोन लेकरे. मराठवाड्यात असे डी.एड.वाले गावोगावी भेटतील.

आमच्या घरात शाळा भरली ती हौसेने नाही. २०२० च्या जूनमध्ये थोरल्या लेकीचे नाव पहिलीत घातले आणि शाळा उघडलीच नाही. "शाळा बंद, शिक्षण सुरू" अशी घोषणा होती. शिक्षण सुरू होते ते मोबाईलवर, आणि मोबाईल एकच, तोही सकाळी नऊला बापाच्या खिशात बसून दुकानावर जाणारा. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचे, ते बरे होते. लेक शेजारच्या घरी जाऊन पाहायची. पण लाईट गेली की पहिलीचा वर्गही गेला. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे पहिली पूर्ण आणि दुसरी अर्धी, एवढे शिक्षण आमच्या लेकीने चुलीपुढे, शिलाई मशीनच्या बाजूला आणि हळदीच्या वाफ्यात घेतले.

तेव्हाचा दिवस असा असायचा. सकाळी त्रिशरण-पंचशील झाले की फरशीवर खडूने पाच अक्षरे. भाकरी थापता थापता आई विचारायची, 'भा'ला कोणता काना, आणि लेक पिठात बोटाने काढून दाखवायची. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. त्याचे काम एकच, ताईने लिहिलेले पुसणे. त्यावरून रोज रडारड. शेवटी आम्ही त्याला दाराचा खालचा अर्धा भाग देऊन टाकला, तो त्याचा फळा, वरचा तिचा. अजून ते दार तसेच पांढरे आहे. दुपारी शिवणकामाचा टेप घेऊन मोजामापी. कोणाच्या ब्लाऊजची छाती चौतीस, बाही दहा, हे लेकीला वस्तीतल्या बायांच्या नावांसह पाठ झाले आणि ती ते मोठ्याने सांगायची, तेव्हा मात्र धडा बंद करावा लागायचा.

हळद काढली की गणिताचा मोठा तास. ओली पाच क्विंटल हळद शिजवून वाळवली की साधारण एक क्विंटल हातात राहते. लेकीने विचारले, "मग चार क्विंटल कुठं गेली?" पाणी उडून गेले, असे सांगितले. तिला ते पटायला तीन दिवस लागले. तिने वाटीत हळकुंडाचे काप घालून ते उन्हात ठेवले आणि रोज दुकानच्या काट्यावर तोलून आणायला लावले. त्यानंतरचा प्रश्न अवघड होता. हिंगोलीच्या हळद मार्केटातून आल्यावर तिने विचारले, "आपण पिकवली, मग भाव ते दुसरे लोक का सांगत होते?" हा प्रश्न पहिलीच्या पुस्तकात नाही. खरे तर कुठल्याच पुस्तकात तो एवढा सरळ नाही.

पंधरा दिवसांत ओट्यावर शेजारची पोरे येऊन बसू लागली. आधी दोन, मग पाच, मग अकरा. तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून बसायची. त्यांच्या आयांचे म्हणणे, "तुमची शिकतात, आमची नुसती हिंडतात." आमची आजीही भिंतीला टेकून बसायची. निजामाच्या राजवटीत जन्मलेली बाई, १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य बदलले तेव्हा अंगावर पिणारी, पण स्वतंत्र देशातही तिच्या वाट्याला शाळा आली नाही. ढोरामागे गेली आणि नंतर रोजगार हमीच्या खडीवर. अक्षरांत तिला काडीचा रस नव्हता. तिला आकडे हवे होते, लेकीला फोन लावायला. नऊपर्यंत आकडे शिकली आणि म्हणाली, "बास, मपलं काम झालं." जिला ज्याची गरज ती ते शिकते, हे होमस्कूलिंगवाल्यांचे सूत्र आमच्या आजीइतके कोणीच पाळले नसेल!

आता मुद्द्यावर येऊ. घरी शिकणे आपल्या इतिहासाला नवे नाही. आमच्यापासून फार लांब नसलेल्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे घरीच शिकल्या. वडील बापूजी हरी शिंदे यांनी त्यांना शिकवले, आणि १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' लिहून पुरुषी अहंकाराची सालटी काढली. सावित्रीमाईंची सुरुवातही जोतीरावांनी घरातूनच करून दिली. पण या घरांमागचे कारण बघा. दार बंद होते म्हणून ते घरी शिकले. आणि शिकल्यावर त्यांनी काय केले? १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी शाळा काढली. आपल्यापुरती विद्या घेऊन घरात बसले नाहीत. सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. घरातल्या शिकवणीत ती मुक्ता कुणाला सापडली असती? आणि जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मागितले ते काय, तर बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण. सक्तीचे, म्हणजे आईबापाच्या मर्जीवर न सोडलेले.

सुभेदार रामजी सकपाळांचे घर तर आम्हाला सगळ्यात जवळचे वाटते. रामजीबाबा स्वतः लष्करी शाळेत हेडमास्तर राहिलेले. मुलाकडून तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके ते घरीच घटवून घेत. परळच्या चाळीत एकच खोली, म्हणून मुलाला लवकर झोपवून पहाटे दोनला उठवायचे आणि अभ्यासाला बसवायचे. रात्री मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. त्यावर लहानग्या भीमाने वडिलांना विचारले होते की ज्या पोथ्यांत शूद्रांची आणि अस्पृश्यांची अवहेलना आहे त्या आपण का वाचायच्या? बाबासाहेबांनी पुढे स्वतः हे लिहून ठेवले आहे. वडिलांना तो प्रश्न आवडला नव्हता, पण मुलाने तो विचारला. आमच्या मते घरातल्या शाळेची खरी कमाई ही आहे. घरात प्रश्न विचारता आला पाहिजे.

एवढा शिकवता येणारा बाप, त्याने मुलाला घरी ठेवले का? नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव घातले. तिथे मुलगा गोणपाटावर वेगळा बसला. नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहानलेला. रामजीबाबांना हे माहीत नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी शाळा सोडवली नाही. त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव असणे म्हणजे काय, हे त्या सुभेदाराला कळत होते. आज तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, पण भाषणात तो गोणपाट येतो, ते रजिस्टर फारसे येत नाही.

चळवळीतल्या साथींचे म्हणणे आम्ही हलके घेत नाही. ते म्हणतात, गोणपाट गेला तरी अपमान गेला नाही, मग लेकरांना त्यात का ढकलायचे? आमच्यातल्या एकाला लहानपणी एका शाळेत वर्ग झाडायला नेमके वस्तीतल्याच पोरांना उठवले जायचे, ते अजून आठवते. दुसरीला खिचडीच्या रांगेत मागे उभे केले जायचे. त्या वेळी बोलायला कोणी नव्हते, कारण आमच्या आईबापांना शाळेची पायरीच ठाऊक नव्हती. आज आम्हाला ठाऊक आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत असे लिहिले आहे. आमच्या घरातली बाई त्या समितीत आहे. मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीला नळ लावून घेतला, तांब्याने उचलून द्यायची पद्धत बंद. हे काम घरात लेकरू ठेवून झाले नसते. ज्याचे मूल त्या शाळेत नाही, त्याला समितीत विचारतो कोण?

आणखी एक गोष्ट आमच्या शहरी मित्रांच्या बोलण्यात कधी येत नाही. घरी शिकवायचे म्हणजे शिकवणार कोण? लॉकडाऊनमध्ये अकरा पोरांचा ओटा कोणी सांभाळला? दुकानावर जाणाऱ्याने नाही. आईने सांभाळला, मशीन थांबवून. ब्लाऊज मागे पडले, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. घरशाळा फुकट असते असे म्हणणाऱ्याने तिची फी कोण भरते ते आधी बघावे.

आता पटाचे सांगतो. आमच्या वस्तीलगतच्या शाळेत पहिली ते चौथीचा पट आहे २२. त्यातली दोन आमची. ती घरी बसली की राहिले २०. दिवाळीनंतर एक कुटुंब ऊसतोडीला गेले आणि लेकरे सोबत नेली की आकडा विसाच्या खाली. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, असे २०२३ मध्ये सरकारने काढले. राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा. त्याआधी २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करायचा निर्णय झालाच होता. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे नियम सांगतो. आमची गेली तर पुढची तीन किलोमीटरवर आहे, मध्ये ओढा, पावसाळ्यात त्याला कमरेएवढे पाणी. सात वर्षांची पोरगी रोज कोण पाठवणार? पोरगा कदाचित सायकलवर बसून जाईल. पोरगी शेळ्या वळेल. आमच्या आजीचीच गोष्ट, फक्त गोल फिरून आलेली.

कायद्यात घरशाळेला थेट मनाई लिहिलेली नाही. मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी-आठवीच्या परीक्षेला बसवता येते. तेव्हा आमची दोन लेकरे कशीही शिकतील. त्यांची चिंता नाही. उरलेल्या विसांचे काय?

म्हणून आमच्या घरी दोन्ही चालते. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरची शाळा, मधला वेळ सरकारी शाळा. गुरुजी दोनच आहेत आणि एकाकडे सदा कुठले तरी ऑनलाईन माहिती भरण्याचे काम. त्यामुळे दुसरीचे वाचन आठवड्यातून दोनदा आमच्यातला एक जण शाळेत जाऊन घेतो. नोकरी नाही, मानधन नाही. धाकटा आता पहिलीत आहे. त्याला घरच्यापेक्षा शाळा आवडते, कारण तिथे भांडायला ताईशिवाय दुसरी माणसे आहेत. परवा तो मराठा वाड्यावरच्या एका मित्राच्या डब्यातले लोणचे खाऊन आला आणि आमच्या घरचा ठेचा त्याला देऊन आला. दोघांनाही तिखट लागले, एवढीच त्यावर त्याची प्रतिक्रिया. हा धडा आम्ही ओट्यावर कसा शिकवला असता?

लेक मात्र चौथीत आहे आणि आमच्या शाळेत चौथीच्या पुढे वर्ग नाही. जूनमध्ये तिला पाचवीसाठी पाच किलोमीटरवरच्या गावी जावे लागेल. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण आमच्या फाट्यावर बस येते साडेअकराला आणि शाळा भरते दहाला. वस्तीतल्या आणि गावातल्या मिळून सहा मुली यंदा पाचवीत जाणार आहेत. सहाही घरांच्या सह्यांचा अर्ज आम्ही आगारात दिला आहे, बस साडेनऊला सोडा म्हणून. चौघींच्या आयांनी सही केली, दोघींनी अंगठा. पोच घेतली आहे. उत्तर आलेले नाही. पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत, या वेळी मुलींना सोबत घेऊन.

जय भीम!