बर्फाची आगोट

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या पूर्व काठीं बफेलो हें शहर वसलें आहे. हिवाळ्याच्या आरंभीं सरोवराचें पाणी अजून उबदार असतें. त्यावरून लांबवर वाहत आलेला थंड वारा वाटेंत बाष्प शोषून घेतो व किनारा लागतांच तें बर्फाच्या रूपानें ओतून टाकतो. हा पट्टा फार अरुंद असतो. सन २०१४ च्या नोव्हेंबरांत दक्षिणेकडील उपनगरांत पांच फुटांहून अधिक बर्फ सांचला. थोड्याच मैलांवर उत्तरेस मात्र कांहीं इंचच पडला.

आम्ही तेथें पानगळीच्या अखेरीस गेलों. कोकणांत मृगापूर्वीं घरें शाकारण्याची व सरपण भरण्याची जी धांदल असते, तीच येथील दुकानदारांची व वखारवाल्यांची दिसली.

पहिली काळजी छपराची. येथील दुकानांचीं छपरें बहुधा सपाट असल्यामुळें बर्फ आपोआप घसरत नाहीं. एका चौरस फुटावर इंचभर पाणी म्हणजे सुमारें ५ पौंड ओझें. ताज्या बर्फाच्या दहा-बारा इंचांत तेवढें पाणी असतें. दबलेल्या बर्फाच्या चार-पांच इंचांतच तें भरतें, आणि वर पाऊस पडला तर तो थर पाणी धरून ठेवितो. म्हणून छपरावरील पन्हळींचीं तोंडें आधींच साफ करितात. बर्फ उपसतांनाही एकच बाजू मोकळी करावयाची नाहीं; भार एकांगी झाला कीं तुळया दगा देतात. २०१४ सालीं कित्येक छपरें ओझ्याखालीं कोसळलीं.

दुसरी काळजी नळांची. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्क्यांनीं फुगतें व लोखंडालाही उकलतें. म्हणून दुकान बंद असलें तरी आंतील उष्णता १३ अंशांखालीं उतरूं देत नाहींत, आणि पाण्याची मुख्य चावी कोठें आहे हें प्रत्येक नोकरास दाखवून ठेवितात. आग विझविण्याच्या फवाऱ्यांचे नळ थंड माळ्यांतून गेलेले असल्यास ते फुटून आगीवांचूनच माल नासतो. शेगडीचा धूर बाहेर नेणारीं तोंडें बर्फानें बुजलीं तर आंत विषारी वायु कोंडतो. तींही जपावीं लागतात.

परंतु इमारत राखणें म्हणजे सर्व तयारी नव्हे. २०२२ च्या नाताळापूर्वीं, २३ डिसेंबरला, येथें भीषण हिमवादळ झालें. वाहनबंदीचा हुकूम निघाला तेव्हां पुष्कळ लोक कामासाठीं घराबाहेर पडलेले होते. त्या वादळांत चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. कोणी गाडींत अडकून गेलें, कोणी रस्त्यांत, कोणी वीज गेलेल्या घरांत.

म्हणून कोणत्या इशाऱ्यावर दुकान बंद करून नोकरांस घरीं पाठवावयाचें, हें वादळापूर्वींच ठरविणें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. एका दिवसाच्या विक्रीचा मोह सोडावयाचा तो येथेंच. त्याच वादळांत कांहीं दुकानदारांनीं वाटेंत अडकलेल्या अनोळखी लोकांना आंत घेऊन रात्रभर आसरा दिला. अशा वेळेसाठीं थोडें खाणें, पाणी, पांघरुणें व विजेऱ्या दुकानांत असाव्या. पावसांत आडोशाला आलेल्याला ओसरी नाकारूं नये, ही आपल्याकडील रीत तेथील बर्फांतही तितकीच खरी आहे.