सात मिनिटांचा चित्रपट आणि हजेरीपटातील रिकामे रकाने

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्यावी, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आमच्यापुढे विषयांची वाण नव्हती. पत्र्याच्या खोल्यांपासून आजच्या इमारतीपर्यंतचा प्रवास, पहिल्या तुकडीचा निकाल, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशींचे ऋण, हे सारे लिहिण्याजोगे आहे आणि आमचे सहकारी ते आमच्याहून चांगले लिहितील. आम्ही मात्र एका सात मिनिटांच्या चित्रपटाविषयी लिहिणार आहोत. 2018-19 या शैक्षणिक वर्षात इयत्ता आठवीच्या मुलांनी तो बनवला. पंचवीस वर्षे इतिहास शिकवूनही जी गोष्ट आम्हाला नीट उमगली नव्हती, ती या चित्रपटाने शिकवली. आणि शिकवताना आम्हाला मान खाली घालायलाही लावली.

निमित्त असे झाले. मुंबईत मालिकांच्या संकलनाचे काम करणारा आपल्याच वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी त्या पावसाळ्यात आठवडाभर गावी आला होता. ‘‘सर, मुलांना एक छोटा चित्रपट करू द्या. चित्रे घेणे सोपे असते, जोडणे अवघड. ते मी शिकवतो,’’ असे तो म्हणाला. कॅमेरा म्हणजे आमचा मोबाइल, तिपाई म्हणजे विटांवर चढवलेला बाक, आणि जोडकामासाठी शाळेच्या संगणक कक्षातील त्यातल्या त्यात चालता संगणक. कथा मुलांनीच रचली. एक मुलगा रोज शाळेत उशिरा येतो आणि गुरुजी रोज त्याला दाराबाहेर उभे करतात. पहाटेचे पाणी, धाकट्या बहिणीला सांभाळणे, शेतावर भाकरी पोचवणे आणि मग शाळेची वाट, हे सारे प्रेक्षकाला दिसते. गुरुजींना दिसत नाही. मुलांनी हे कोठून आणले, हे आम्हाला विचारावे लागले नाही. गुरुजींची भूमिका आमच्याकडे आली, आणि ती आम्हाला फारशी वठवावीही लागली नाही!

पहिल्या रविवारची चित्रे जोडून पडद्यावर पाहिली, तेव्हा वर्गात हशा पिकला. आमचा नायक घरून निघतो तो डावीकडून उजवीकडे. पुढच्या चित्रात मात्र तो उजवीकडून डावीकडे चालत होता. झाले होते इतकेच, की ऊन डोळ्यांवर येते म्हणून आम्ही रस्ता ओलांडून पलीकडून चित्रण केले होते. ‘‘सर, हा परत घरी का चालला?’’ असे एका मुलीने विचारले. त्या प्रश्नातून आमचा पहिला धडा सुरू झाला. चालणाऱ्याच्या वाटेवर, किंवा बोलणाऱ्या दोघांच्या मधोमध, एक काल्पनिक रेषा आखावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूच्या अर्धवर्तुळात ठेवावा. हा 180 अंशांचा नियम. रेषा ओलांडायचीच असेल, तर माणसाला वळताना दाखवावे, किंवा तो सरळ कॅमेऱ्याकडे येतो आहे असे एक चित्र मध्ये घालावे.

मग एकेक चूक सापडत गेली. भाकरीचे फडके एका चित्रात उजव्या हातात, दुसऱ्यात डाव्या. सकाळच्या प्रसंगात दुपारची आखूड सावली. मुलगा वर पाहतो आहे, पण गुरुजींची नजर त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे; त्यामुळे दोघे एकमेकांशी बोलत आहेत असे वाटेना. एकाच ठिकाणाहून, जरासाच कॅमेरा सरकवून घेतलेली दोन चित्रे जोडली की माणूस जागीच उडी मारल्यासारखा दिसे. निदान 30 अंश तरी कोन बदलावा, हे तेव्हा कळले. सर्वांत मौज दाराची. वर्गाचे दार उघडण्याची संपूर्ण कृती बाहेरून घ्यायची, तीच संपूर्ण कृती आतून पुन्हा घ्यायची आणि दार अर्धे उघडलेले असतानाच कापून जोडायचे. डोळा हालचालीच्या मागे जातो आणि सांधा दिसत नाही. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीकडे एक वही सोपवली. कोणते कपडे, कोणते बटण, कोणता हात, किती वाजता, हे ती प्रत्येक चित्रणानंतर टिपून ठेवी. मुले तिला ‘सलगतेची वही’ म्हणत.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे आम्ही या विद्येची कुळकथा शोधू लागलो. एडविन पोर्टर या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ हा 1903 चा मूकपट. जळत्या घरातून आई आणि मुलाची सुटका होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडील प्रतीत खोलीतले आणि रस्त्यावरचे तुकडे आलटून पालटून, सलग जोडलेले होते, आणि त्या आधारे अभ्यासकांनी त्या सलगतेचे श्रेय पोर्टरला दिले. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये स्वामित्वहक्काच्या नोंदणीसाठी कागदावर छापून ठेवलेली मूळ प्रत तपासली गेली. तिच्यात संपूर्ण सुटका आधी आतून दिसते आणि मग तीच संपूर्ण सुटका पुन्हा बाहेरून. सफाईदार सलगता नंतर कोणीतरी केली होती. मुलांना आम्ही सांगितले, ‘‘साधनाची प्रत तपासल्याशिवाय इतिहास लिहू नये, असे आम्ही वर्गात का म्हणतो, ते पाहा.’’

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे. ही जोडकला ज्यांच्या हाती बहरली, त्यांत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट 1915 सालचा. त्यात कृष्णवर्णीयांना खलपुरुष आणि कू क्लक्स क्लॅनच्या स्वारांना तारणहार ठरवले आहे. संकटातली माणसे आणि दौडत येणारे घोडे यांची जोडणी इतकी वेगवान आहे, की प्रेक्षक नकळत घोड्यांच्या बाजूने श्वास रोखतो. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने या चित्रपटाविरुद्ध निदर्शने केली. तरी त्याच वर्षी क्लॅनचे पुनरुज्जीवन झाले. त्या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि 1915 मध्येच त्यांनी तेथे एम.ए. पूर्ण केले. फळ्यावर ही दोन्ही साले शेजारी लिहून आम्ही मुलांना म्हणालो, ‘‘सांधा गुळगुळीत आहे म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. दोन चित्रांच्या मधून काय कापले गेले, हे विचारायला शिका.’’ वाक्य आम्हाला आवडले होते. ते आपल्यालाच लागू पडेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आमचा नायक परतला नाही. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील वस्त्यांच्या वस्त्या कोयता घेऊन ऊसतोडीला गेल्या होत्या. त्याचे आईवडीलही टोळीबरोबर कृष्णाकाठी गेले आणि मुलाला सोबत घेऊन गेले, असे गावावरून कळले.

इथे आम्हाला खरे तेच लिहिले पाहिजे. ही बातमी कळल्यावर आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: आता चित्रपटाचे काय? तीन चित्रे राहिली होती. शाळेकडे धावणारे पाय, दारातून आत येणारी पाठमोरी आकृती आणि शेवटी वर्गात बसून फळ्याकडे पाहणारा चेहरा. मुंबईच्या माजी विद्यार्थ्याने फोनवरून उपाय सांगितला आणि तो अचूक होता. नायकाच्या चपला वसतिगृहातील पेटीशेजारी राहिल्या होत्या. त्याच्याच उंचीच्या दुसऱ्या मुलाने त्या घातल्या आणि आम्ही नुसते पाय घेतले. त्याच मुलाची पाठ घेतली. चेहऱ्यासाठी ऑगस्टमधले एक जुने चित्र सापडले. त्यात नायक कशाकडे तरी आशेने टक लावून पाहत होता. खरे तर ती जेवणाची घंटा होती. त्या चेहऱ्यापुढे फळा जोडला आणि जेवणाच्या ओढीची शिक्षणाची ओढ झाली. सगळे सांधे बसले. आम्ही मुलांच्या पाठी थोपटल्या.

डिसेंबर सरत आला होता. वही सांभाळणारी मुलगी एके दिवशी ती घेऊन आमच्याकडे आली. शेवटच्या पानावर तिने नेहमीप्रमाणे रकाने आखले होते: कपडे, हात, वेळ. त्याखाली नायकाचे नाव लिहून पुढची सगळी घरे मोकळी सोडली होती. ‘‘सर, यात काय भरू?’’ तिने विचारले. आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. संध्याकाळी हजेरीपट उघडला. त्याच्या नावापुढे महिनाभराची गैरहजेरी आमच्याच अक्षरात होती. रोज सकाळी ती आम्हीच मांडत होतो. मुलगा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण तो प्रश्न आम्ही संकलनाचा म्हणून सोडवला होता. पाय शोधले, पाठ शोधली. मुलाला शोधायला मात्र कोणी गेले नव्हते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एका सहकाऱ्यासह रात्रीच्या एसटीने निघालो. कारखान्याच्या परिसरात उसाच्या पाचटाच्या कोप्यांची रांग होती. आमचा नायक एका कोपीच्या तोंडाशी तीन वर्षांच्या बहिणीला खेळवत बसला होता. आम्हाला पाहून तो उठून उभा राहिला आणि सवयीने त्याने हात मागे घेतला. उशीर झालेली मुले वर्गाच्या दारात उभी राहतात तसा. वडील फडातून आले, ते दुपार कलल्यावर. ‘‘सर, मुकादमाची उचल घेतलीय. ती फिटल्याबिगर आम्हाला हलता येत नाही. आम्ही दोघं पहाटंच फडात जातो. बारकीला कोपीवर एकलं कसं ठेवावं?’’ आई म्हणाली, ‘‘त्याची शाळा बुडावी असं आम्हाला का वाटतंय?’’ सहा ते चौदा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा आम्हाला पाठ होता. त्या कोपीसमोर तो उच्चारण्याचे धैर्य झाले नाही. प्रश्न साधा होता: बारकीला कोण पाहील? गावी आजी होती. भाऊबंदांनी शेळ्या सांभाळण्याचे कबूल केले, वसतिगृहाच्या निधीतून प्रवासखर्च निघाला, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आजी तिकडे गेली, मुलगा इकडे आला. बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी सलगतेच्या वहीवालीने त्याला आपल्या सगळ्या विषयांच्या वह्या दिल्या.

14 एप्रिलच्या संध्याकाळी, जयंतीच्या कार्यक्रमानंतर, प्रांगणात पांढरी चादर ताणून चित्रपट दाखवला. पालक, ग्रामस्थ, माजी विद्यार्थी दाटीवाटीने बसले होते. हंगाम आटोपून आलेले त्याचे आईवडीलही होते. सात मिनिटांत एकाही प्रेक्षकाला काही खटकले नाही. टाळ्या थांबल्यावर नायक आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘‘सर, चपला माझ्या आहेत, पण पाय माझे नाहीत.’’

आम्ही त्याला सारे सांगितले. पाठीचे, चेहऱ्याचे, घंटेचे. तो हसला. त्याला राग आला नव्हता. त्याने एकच मागणी केली: ‘‘मग ज्याचे पाय आहेत, त्याचं नाव शेवटी टाका. ते राहिलंय.’’ खरोखरच राहिले होते. नावांच्या यादीत दिग्दर्शन होते, संकलन होते, गुरुजी म्हणून आमचे नाव तर ठळक होते. पायांचे नाव नव्हते. सांधा दिसू नये म्हणून ज्याने काम केले, त्याचे कामही दिसेनासे झाले होते. दुसऱ्याच दिवशी मुलांनी ते नाव घातले. आज शाळेच्या संगणकात चित्रपटाची जी प्रत आहे, ती ही दुरुस्त प्रत आहे.

1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. शाळा असूनही आपल्या मुलांचे शिक्षण का तुटते, याचे ते उत्तर होते. फी, भाकरी, निवारा यांपैकी एक जरी दुवा निसटला की वर्ष वाया जाते. तो दुवा धरून ठेवण्यासाठी वसतिगृह असते. हे व्याख्यानात सांगणे सोपे असते. आपल्याच हजेरीपटातला तुटलेला दुवा दिसायला आम्हाला आठवीतल्या एका मुलीची वही लागली.

तेव्हापासून शाळेत एक प्रथा पडली आहे. दसरा झाला की प्रत्येक वर्गशिक्षक आपल्या मुलांपैकी कोणाचे घर ऊसतोडीला जाणार आहे आणि घरी लहान भावंडांना कोण सांभाळणार आहे, हे विचारून लिहून ठेवतो. दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशीही जो आला नाही, त्याच्या घरी माणूस जातो. सगळे परततात असे नाही. पण कोण आले नाही आणि का, हा रकाना आता मोकळा राहत नाही.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना या निमित्ताने एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण नोकरीधंद्यामुळे साखर कारखान्यांच्या मुलखात राहतात. आपल्या गावाजवळ कोप्या पडल्या असतील आणि शाळेच्या वेळेत तिथे एखादे मूल लहान भावंडाला घेऊन बसलेले दिसले, तर त्याला त्याच्या शाळेचे नाव विचारा. नाव आपल्या शाळेचे निघाले, तर आम्हाला कळवा. दुसऱ्या शाळेचे निघाले, तर त्या शाळेला कळवा.