नळीवरची बारीक अक्षरे

गेल्या पावसाळ्यात वस्तीतले एक काका मलमाची नळी घेऊन आमच्याकडे आले. कंत्राटी सफाई कामगार. दिवसभर ओले गमबूट, ओली पँट, जांघेत गजकर्ण. मेडिकलमधून 'खाजेचे मलम' मागितले, मिळाले. "मलम चांगलंय रे पोरांनो, लावलं की लगेच गुण येतो. सोडलं की परत." तोवर गजकर्ण पोटापर्यंत पसरले होते.

नळीवर ब्रँडचे नाव ठळक. खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत तीन औषधे. पहिले क्लोबेटासोल. आमच्यातल्या एकाने ते क्लोट्रिमाझोल असे वाचले आणि आम्ही "बरोबर आहे काका" म्हणून मोकळे होणार होतो. शिकलेल्या पोरांची ही गत! कानाला दोन्ही सख्खे भाऊ वाटतात. पण क्लोट्रिमाझोल बुरशी मारते. क्लोबेटासोल हे कडक स्टेरॉइड. ते खाज दाबते, सोबत त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते आणि बुरशीला रान मोकळे होते. वर कातडी पातळ होते, जांघेत पट्टे उमटतात, ते कायमचे.

ब्रँडच्या नावावरून हे कळत नाही. 'कॅन्डिड' म्हणजे नुसते क्लोट्रिमाझोल. 'कॅन्डिड-बी' म्हटले की त्यात बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड आले. फरक एका अक्षराचा. 'फोरकॅन' आणि 'डिफ्लुकान' ही दोन औषधे वाटतात, दोन्ही फ्लुकोनाझोलच. 'लॅमिसिल' म्हणजे टर्बिनाफिन.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. काकांकडे कोणी चिठ्ठी मागितली नाही. डॉक्टरांनी औषध मूळ नावाने लिहावे हा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये आणला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. जेनेरिकच्या दर्जाची हमी कोण देणार, हा डॉक्टरांचा सवाल खोटा नाही. पण मग दर्जा तपासा ना! नाव लपवून दर्जा कसा सुधारतो? आपल्या अंगाला काय चोळतोय हे कामगाराला कळू नये, ही व्यवस्था कुणाच्या सोयीची?

काकांना आम्ही सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात नेले. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत मूळ नावांचा मराठी तक्ता छापून विहाराबाहेर लावला. काकांची गोळी अजून चालू आहे. गमबूट मात्र तेच, ओले. दुसऱ्या जोडीसाठी कंत्राटदाराला अर्ज दिलाय, उत्तर आलेले नाही.