वन्संची लेक आणि मेंदूची शस्त्रक्रिया

मैत्रिणींनो, दौंडच्या आमच्या वन्संची लेक चौदाची. दोन औषधं नेमानं देऊनही फेपरं थांबेना. (झटक्यात कांदा-चप्पल हुंगवू नका हो, कुशीवर निजवा!) डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, तशी शिरूरला आमच्याकडे बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, "डोकं उघडलेल्या पोरीला करून कोण घेईल?" मी म्हटलं, "अपस्माराची अट विवाह कायद्यातूनसुद्धा १९९९ सालीच गेली."

दिल्लीच्या 'एम्स'नं २०१७ साली छापलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटातली ५७ पैकी ४४ मुलं वर्षभरानंतर झटक्यांविना होती. नुसत्या औषधांवरच्या ५९ पैकी चारच. पण १५ जणांच्या एका अंगाची ताकद गेली किंवा कमी झाली, हेही वन्संना सांगितलं. त्या गप्पच झाल्या. पोरीनं विचारलं, "मग भीमेत पोहता येईल?" तपासण्या पुढच्या महिन्यात आहेत.